संजयाने किती सांगावे?

घरात दृष्टी गेलेली आजी असते. लग्नाच्या मांडवातून सगळे परतले की ती विचारते, "नवरी कशी दिसत होती गं?" नात चपला काढता काढता सांगते, "छान दिसत होती." आजीने जे विचारले त्याचे उत्तर यात नाही. शालू कोणत्या रंगाचा होता, नाकात नथ होती की चमकी, अंतरपाट दूर झाला तेव्हा मुलगी हसली की तिने मान खाली घातली, हे तिला ऐकायचे होते. नातीने साक्ष दिलीच नाही, परस्पर निकाल देऊन टाकला. उलट स्वभावाचा एखादा उत्साही पुतण्या असतो. तो मांडवाच्या कमानीपासून सुरुवात करतो, झुंबरे मोजतो, पंगतीतले पदार्थ सांगतो, आणि नवरीपर्यंत पोहोचण्याआधीच आजी म्हणते, "पुरे रे बाबा."

ज्याला दिसते त्याने ज्याला दिसत नाही त्याला किती सांगावे? कोणत्या क्रमाने सांगावे? आणि हे ठरवण्याचा अधिकार दोघांपैकी कोणाचा? प्रश्न घरगुती वाटतो, पण तसा तो फार जुना आहे आणि आजच्या घडीला अगदी नव्या जागी येऊन उभा राहिला आहे. बँकेचा फॉर्म, रेल्वेचे तिकीट, मुलाचा निकाल, वीजबिल हे सारे आता पडद्यावर आले. त्या पडद्यावर काय आहे ते अंध माणसाला सांगणारी यंत्रे आली. त्या यंत्रांनी किती सांगावे, हा प्रश्न तांत्रिक म्हणून अभियंत्यांच्या गळ्यात टाकण्यात आला आहे. माझ्या मते तो मुळात नीतीचा प्रश्न आहे.

अंधाला युद्ध सांगणारा पहिला माणूस म्हणून आपण संजयाचे नाव घेतो. आपल्या मनातल्या चित्रात संजय रेडिओवरच्या क्रिकेट समालोचकासारखा बसलेला असतो आणि रणांगणावर जे घडेल ते त्याच क्षणी सांगत असतो. महाभारतात घडते ते थोडे वेगळे. व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो ती नाकारतो. आप्तांचा संहार बघायची त्याची इच्छा नाही, ऐकायची मात्र आहे. म्हणून ती शक्ती संजयाला मिळते. पुढे भीष्मपर्वात संजय रणांगणावरून येतो आणि आधी एकच गोष्ट सांगतो : भीष्म पडले. मग धृतराष्ट्र विचारतो, कसे पडले? तेव्हा कोण होते? माझ्या मुलांनी काय केले? त्या प्रश्नांच्या उत्तरात पहिल्या दिवसापासूनची हकीकत येते, आणि आपली गीताही त्या मागे जाऊन सांगितलेल्या हकिकतीतच येते. म्हणजे आधी सार, आणि तपशील ऐकणाऱ्याने विचारल्यावर. शिवाय तो संजय आहे हे धृतराष्ट्राला ठाऊक आहे. तो कोणाच्या बाजूचा, त्याला काय दिसते आणि त्याचे मत कोणते, हे राजाला ओळखता येते. संजय राजाला चार खडे बोलही सुनावतो, पण ते आपले बोल म्हणून सुनावतो.

या तीन गोष्टी ध्यानात ठेवू : सार आधी, तपशील मागितल्यावर, आणि सांगणारा कोण हे उघड. आता यंत्राकडे वळू.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात, किंवा ब्रेलच्या ठिपक्यांत, उतरवून देणारा प्रोग्राम. अमेरिकेत टेड हेंटर या अपघातात दृष्टी गमावलेल्या अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' काढला, तो पुढे विंडोजवर आला आणि जगभर पसरला. पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि त्यांनी तो फुकट ठेवला. आज आपल्याकडच्या कितीतरी अंध विद्यार्थ्यांच्या संगणकावर तोच असतो. दोन अंध मुलांनी जगाला दिलेली ही देणगी आहे, आणि तिची म्हणावी तितकी वाखाणणी आपल्या नियतकालिकांत झालेली नाही.

स्क्रीन रीडर पडदा बघत नाही. त्याला डोळे नाहीत. तो ब्राउझरला विचारतो. वेबसाइटचे एखादे पान उघडले की ब्राउझर त्याचे दोन आराखडे करतो. एक डोळस माणसासाठी, ज्यावरून तो रंग, आकार, चित्रे पडद्यावर रंगवतो. दुसरा आराखडा पडद्यावर कुठेच दिसत नाही. त्यात पानावरच्या प्रत्येक वस्तूची नोंद असते : ही वस्तू काय आहे (बटण, लिंक, चौकट), तिचे नाव काय, तिची अवस्था काय (खूण केलेली, बंद, निवडलेली), आणि तिचे वर्णन काय. डोळस माणूस पान बघतो; अंध माणूस ही नोंदवही ऐकतो. संजय एक नाही, दोन आहेत. नोंदवही ठेवणारा ब्राउझर हा पहिला, ती वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हा दुसरा. आणि दोघांच्याही मागे पान लिहिणारा तिसरा कोणीतरी बसलेला आहे.

नाव आणि वर्णन यांचे खाने वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवणाऱ्यांची दृष्टी मला फार मार्मिक वाटते. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये अशा नोंदींची जी पद्धत घातली तिच्यातही हे दोन खाने वेगळेच होते. नाव म्हणजे वस्तूला हाक मारण्यापुरते. 'पासवर्ड'. 'काढून टाका'. 'पैसे भरा'. वर्णन म्हणजे त्या वस्तूशी वागण्याआधी कळायला हवे ते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा आणि त्यात एक आकडा हवा. काढून टाकलेली फाइल परत मिळणार नाही. पैसे भरल्यावर रद्द करता येणार नाही. डोळस माणसाला हे चौकटीखालच्या बारीक अक्षरांत किंवा लाल रंगात दिसते आणि बोट दाबण्याआधी त्याचा हात क्षणभर थांबतो. अंध माणसाचा हात थांबायचा असेल तर ती बारीक अक्षरे वर्णनाच्या खान्यात पोहोचलेली असली पाहिजेत. नाही पोहोचली, तर त्याला 'पैसे भरा, बटण' एवढेच ऐकू येते आणि तो दाबतो. म्हणूनच या खान्याला मी केवळ सोय म्हणायला तयार नाही. एखाद्या कृत्याची जबाबदारी माणसावर टाकायची तर ते कृत्य काय आहे हे त्याला आधी कळायला हवे, हे तर आपण लहान मुलाच्या बाबतीतही मानतो.

या खान्याचा इतिहास मात्र दुर्लक्षाचा आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन याने पानात चित्र घालण्याची खूण सुचवली तेव्हा चित्र कुठून आणायचे एवढेच त्यात होते. ज्यांना चित्र दिसणार नाही त्यांच्यासाठी शब्द ठेवण्याची 'ऑल्ट' ही सोय १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये नोंदली गेली, आणि ते शब्द लिहिलेच पाहिजेत असे ठरायला १९९७ उजाडले. त्याच वेळी 'लाँगडेस्क' नावाची आणखी एक सोय आली. नकाशा, आलेख अशी गुंतागुंतीची चित्रे एका ओळीत सांगता येत नाहीत. त्यांचे सविस्तर वर्णन वेगळ्या पानावर लिहावे आणि त्या पानाचा पत्ता चित्राला जोडावा, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती. पण ब्राउझरांनी ती डोळस माणसाला दाखवलीच नाही. तो पत्ता पडद्यावर कुठे दिसत नसल्यामुळे कोणी भलतेच लिहिले, कोणी चित्राचाच पत्ता लिहिला, बहुतेकांनी काहीच लिहिले नाही. पुढे एचटीएमएल ५ मधून ती गळाली. २०१५ मध्ये तिला वेगळी पुरवणी म्हणून मान्यता मिळाली खरी, पण तोवर तिच्यात जीव राहिला नव्हता.

लाँगडेस्क का मेले, यावर पुष्कळ तांत्रिक चर्चा झाली आहे. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. लिहिणाऱ्याला जी चूक दिसत नाही ती चूक तशीच राहते. दुकानाच्या पाटीवर शुद्धलेखन चुकले तर चार गिऱ्हाइके हसतात आणि पाटी बदलते. न दिसणाऱ्या खान्यातल्या चुकीला हसायला कोणी नसते. ज्याला ती ऐकू येते त्याच्या तक्रारीला आवाज नसतो. फक्त अंधांसाठी म्हणून अंधारात ठेवलेली सोय कुजत जाते. तेव्हा वर्णन जिथे शक्य असेल तिथे डोळसालाही दिसेल असे असावे, या मताकडे मी झुकतो. सगळ्यांना उपयोगी पडणाऱ्या गोष्टीची निगा सगळे राखतात.

आज हे काम 'एरिया' नावाच्या संकेतांनी होते. (आपल्याकडे गल्लीला म्हणतात तो एरिया नव्हे, काही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले आहे.) वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये अधिकृत केली. त्यात पानाच्या लेखकाला एक सोय आहे : 'या चौकटीचे वर्णन पानावरच्या अमुक मजकुरात आहे' असे तो बोट दाखवून सांगू शकतो. मजकूर डोळसालाही दिसतो आणि अंधालाही ऐकू जातो. लाँगडेस्कच्या मरणातून शिकलेला हा शहाणपणा आहे.

पण खाचखळगे पुढे आहेत. लेखकाने ज्या मजकुराकडे बोट दाखवले तो कसाही असू शकतो. त्यात चार कलमांची यादी असेल, मध्ये एखादी लिंक असेल, एखादा शब्द ठळक असेल. ब्राउझर तो सगळा मजकूर गोळा करतो आणि त्याचा एक सपाट दोरा करून वर्णनाच्या खान्यात ठेवतो. यादी जाते, लिंक जाते, ठळकपणा जातो. चार कलमे एका दमात, एका सुरात ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला मध्येच थांबून तिसऱ्या कलमाकडे परत जाता येत नाही. पोथीतल्या ओव्या सोडवून एकाच लांब ओळीत लिहून काढाव्यात तसे ते होते.

आणि त्या सपाट दोऱ्यात आणखी एक गोष्ट हरवते, ती आपल्या सीमाभागातल्या माणसाला चटकन समजेल. ती म्हणजे भाषा. पानाच्या कोणत्या भागाची भाषा कोणती हे लेखकाला सांगता येते, आणि स्क्रीन रीडर त्यानुसार आवाज बदलतो. इंग्रजी वाक्य इंग्रजी आवाजात, मराठी वाक्य मराठी आवाजात, कन्नड कन्नडमध्ये. पण मजकूर वर्णनाच्या खान्यात शिरला की तो नुसता अक्षरांचा दोरा होतो. त्याच्या कोणत्या तुकड्याची भाषा कोणती ही चिठ्ठी त्याच्याबरोबर जात नाही. बटण इंग्रजी आणि खुलासा मराठीत असेल तर इंग्रजी आवाज त्या देवनागरीपुढे गप्प बसतो, नाहीतर एकेक अक्षर सुटे करून बोबडे बोलू लागतो. देवनागरी म्हणजे हिंदीच असे यंत्राने गृहीत धरले तर 'चमचा' आणि 'जावई' यांचे काय होते ते ऐकून पाहावे. मराठीत दोन तऱ्हेचे च आणि दोन तऱ्हेचे ज आहेत, हे लिपीतून कळत नाही. ते भाषेतूनच कळते. जिथे एकाच घरात तीन भाषा बोलल्या जातात तिथे भाषेची चिठ्ठी हरवणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. डोळस वाचकाला लिपी बघूनच अंदाज येतो, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या एकभाषी अभियंत्याच्या हे लक्षातही येत नाही.

आपल्याला हे दुखणे दुसऱ्या वाटेनेही ठाऊक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा म्हातारा मराठी शेतकरी उताऱ्याचा किंवा नोटिशीचा कन्नड कागद घेऊन कचेरीबाहेर उभा असतो. त्याला मराठी चांगले वाचता येते, त्याचे डोळेही शाबूत आहेत. पण त्या कागदापुरता तो अंधच असतो. मग तो कोणालातरी गाठतो. वाचणारा कागदावरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "काही नाही काका, नेहमीचंच आहे, इथं सही करा." बहुतेक वेळा ते खरेच नेहमीचे असते. वाचणारा लबाड असतो असेही नाही; त्याला घाई असते. पण 'काही नाही' हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? काकांना कागदातले चार मुद्दे सांगून 'यातले कोणते वाचू?' असे विचारले असते तर निर्णय काकांचा राहिला असता. मदत आणि मुखत्यारी यांच्यातली रेषा ही अशी बारीक आहे, आणि सज्जन माणसाकडून ती अधिक सहज ओलांडली जाते.

यंत्रांच्या जगातही या बारीक रेषेवर बरीच खटपट चालू आहे, आणि ती खटपट मला आशादायक वाटते. 'एरिया'च्या २०१७ च्या आवृत्तीत तपशिलाकडे बोट दाखवणारा वेगळा संकेत आला. तो मजकूर सपाट करून कानात ओतत नाही. स्क्रीन रीडर फक्त सांगतो की या वस्तूला तपशील आहे. ऐकणाऱ्याला हवा असेल तर तो तिथे जातो. यादी यादीसारखी वाचतो, लिंक उघडतो, भाषा भाषेच्या आवाजात ऐकतो, आणि परत फिरतो. नको असेल तर पुढे सरकतो. हा भीष्मपर्वातला संजय. वर्णनाच्या सपाट खान्यात घाईने कोंबण्यापेक्षा मोठ्या खुलाशासाठी ही रीत बरी, असे मला वाटते. अडचण एवढीच की कितीतरी लेखकांना हा संकेत माहीतच नाही.

येथे उलट बाजूही ऐकून घ्यायला हवी. सरावलेले अंध वाचक आवाज इतक्या वेगाने लावतात की आपल्याला त्यातला शब्दही लागत नाही. त्यांचा वेळ त्यांना प्यारा आहे. प्रत्येक बटणामागे एकेक वाक्य चिकटले तर दहा बटणांची पट्टी ओलांडायला त्यांना मिनिट लागते, जे डोळस माणूस अर्ध्या क्षणात ओलांडतो. म्हणून एनव्हीडीएमध्ये वर्णने मुळीच न वाचण्याचीही सोय आहे, आणि ती वापरणारे वापरतात. पण एकदा ती बंद केली की पाल्हाळाबरोबर 'पैसे परत मिळणार नाहीत' हा इशाराही बंद होतो. बडबडणाऱ्याचे तोंड बंद करताना साक्षीदाराचेही तोंड बंद होते, कारण दोघे एकाच खान्यात बसलेले असतात.

मग यंत्राने त्यांच्यात फरक कसा करावा? इथे आपल्या नैयायिकांची आठवण होते. शब्द हे ज्ञानाचे साधन आहे असे त्यांनी मानले, पण एका अटीवर : बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याने वस्तू जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. शब्दाचे मोल शब्दात नसते, बोलणाऱ्यात असते. आता आपल्या वर्णनाच्या खान्यात कोणाकोणाचे शब्द येतात ते पाहा. पानाच्या लेखकाने मुद्दाम जोडलेला मजकूर असेल तर तो येतो. नसेल तर त्याने थेट लिहिलेले वर्णन. तेही नसेल तर माउस नेला की उमटणारी 'टायटल' नावाची टीप, जी बहुधा कोणीतरी सवयीने लिहिलेली असते आणि नावाचीच पुनरुक्ती असते. विचारपूर्वक दिलेली साक्ष आणि सवयीचे पुटपुटणे एकाच खान्यात, एकाच आवाजात येऊन पडतात. ऐकणाऱ्याला त्यांतला फरक कळायला जागा नसते.

यावर जो उपाय निघाला तो दिसायला अगदी क्षुल्लक आहे. वर्णन देताना ते कुठून आले हेही ब्राउझरने एका वेगळ्या चिठ्ठीत सांगायचे : हे लेखकाने थेट लिहिले, हे टीपेतून उचलले, हे दुसऱ्या मजकुरातून आणले. क्रोमियमवर उभ्या असलेल्या ब्राउझरांनी अशी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली आणि एनव्हीडीएने ती वापरली. लेखकाने मुद्दाम दिलेले वर्णन वाचायचे, टीपेतले पुटपुटणे हवे तरच वाचायचे. एकच दस्तऐवज अनेकजण मिळून लिहीत असतात तेव्हा याचा उपयोग कळतो : या ओळीवर अमक्याने शेरा मारला आहे, ही ओळ तमक्याने खोडली आहे, असे वर्णन वाचताना कानावर येते. डोळसाला ते रंगीत रेघांतून दिसतच असते. मला या छोट्या चिठ्ठीत न्यायशास्त्राचा एक मोठा आग्रह पुन्हा उगवलेला दिसतो. सांगितले काय एवढ्यावर भागत नाही. कोणी सांगितले हेही सांगा.

हे आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे, कारण आता वर्णन करणारी बुद्धिमान यंत्रेच आली आहेत. लेखकाने चित्राला शब्द दिले नसतील तर यंत्र स्वतः चित्र बघून वर्णन तयार करते. फेसबुकने २०१६ मध्ये हे सुरू केले तेव्हा प्रत्येक वर्णनाच्या आधी 'चित्रात हे असू शकेल' अशा अर्थाचे शब्द असत. क्रोम ब्राउझरनेही पुढे अशी सोय केली तेव्हा 'असे दिसते की' अशी सुरुवात ठेवली. मराठीत यासाठी फार सुंदर क्रियापद आहे. 'तो आला आहे' आणि 'तो आला असावा' यांतला फरक आपल्या चार वर्षांच्या मुलालाही कळतो. पहिल्यात मी पाहिले; दुसऱ्यात मी अंगणातल्या चपलांवरून ताडले. महानुभावांच्या दृष्टांतपाठात जन्मांधांच्या हत्तीची गोष्ट आहे. ती आपण त्यांच्या मर्यादेवर हसण्यासाठी सांगतो. पण पाय चाचपून हत्ती खांबासारखा वाटला यात चूक काहीच नव्हती. चूक होती 'आहे' म्हणण्यात. 'असावा' म्हटले असते तर भांडण झाले नसते, आणि कदाचित सगळ्यांनी मिळून हत्ती जोडलाही असता. नवी यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी ओघवते बोलतात. २०२३ पासून अंध माणसाला फोनचा कॅमेरा समोर धरून समोरच्या दृश्याबद्दल यंत्राशी प्रश्नोत्तरे करता येतात, आणि ज्यांनी ती केली आहेत त्यांच्या दृष्टीने हे वरदानच आहे. पण जिभेवर ओघ आला की 'असावे' सुटते आणि 'आहे' येते. औषधाच्या बाटलीवरचे आकडे वाचताना हा फरक जिवावर बेतू शकतो. तेव्हा यंत्राने काढलेले वर्णन लेखकाच्या वर्णनाच्या खान्यात गुपचूप ठेवू नये; त्याच्या अंगावर 'ताडलेले' असा शिक्का हवाच.

कायदा या बाबतीत थोडा पुढे सरकला आहे. आपला दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितले की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून आणि इतरांच्या खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय झाला. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप केल्याशिवाय बँकेची ओळखपडताळणी पुरी होत नाही, ही ॲसिडहल्ल्यात पोळलेल्या आणि अंध नागरिकांची तक्रार त्यामागे होती. निर्णय मोलाचे आहेत. पण कायदा फार तर खाना रिकामा नाही एवढे बघू शकेल. खान्यात 'चित्र' असा एक शब्द लिहूनही तो भरतो, जसा नातीचा 'छान' भरला होता.

सगळ्यात अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. वस्तूचे वर्णन करणे तसे सोपे. माणसाचे करायचे तेव्हा काय? आपल्या प्रत्येक घरात लग्नाच्या वयाचे कोणी ना कोणी असते, आणि आता स्थळे वेबसाइटवर बघतात. एखादा अंध तरुण तिथे जातो. शिक्षण, नोकरी, गाव, उंची सगळे ऐकू येते. मग फोटो येतो आणि स्क्रीन रीडर म्हणतो, 'फोटो'. त्याने बहिणीला विचारावे? ती काय सांगेल? मुलगी सावळी आहे हे सांगावे का? डोळस मुलाला ते कोणी न सांगता दिसते, त्याचा उच्चार करण्याची वेळ कोणावर येत नाही. शब्दांत सांगितले की तो शेरा होतो. न सांगितले तर इतरांना जे ठाऊक आहे ते यालाच ठाऊक नाही, आणि ते कोणी ठरवले? बहिणीच्या मनात. कपाळावरचे कुंकू, डोक्यावरचा पदर, हातातला मोबाइल, मागे दिसणारी मोटार, यांतले काय सांगितले आणि काय गाळले यावरून मुलीपेक्षा बहिणीचेच चित्र अधिक उमटेल. यंत्राला हे काम दिले तर ते त्वचेच्या रंगाबद्दल एकतर सांभाळून गप्प बसेल नाहीतर बेफिकीरपणे बोलून जाईल. कोणत्या वेळी काय करील याचा नेम नाही.

वर्णनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांतही यावर एकमत नाही. काहीजण म्हणतात, डोळसाला जे दिसते ते सगळे सांगा, गाळणे हाच भेदभाव. काहीजण म्हणतात, प्रसंगाला लागू असेल तेवढेच सांगा. मला दोन्ही अर्धे वाटतात, कारण दोन्हींत वर्णन करणारा तिऱ्हाईतच आहे. नैयायिकांची कसोटी लावली तर त्या फोटोचा आप्त कोण? जिचा फोटो आहे ती. फोटो कुठे काढला, त्या दिवशी ती कशाला हसत होती, साडी आईची होती की स्वतःच्या पहिल्या पगाराची, आपल्या रंगाबद्दल काही सांगायचे की नाही आणि सांगायचे तर कोणत्या शब्दांत, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक? फोटो चढवताना त्याच पानावर एक चौकट द्यावी : 'ज्यांना हा फोटो दिसणार नाही त्यांच्यासाठी, तुमच्या शब्दांत.' ती चौकट डोळसांनाही दिसू द्यावी. खाली भाषा निवडायला जागा ठेवावी, म्हणजे तिचे मराठी मराठीसारखेच ऐकू येईल. आणि आधी एवढेच वाजावे, की तिने काही लिहिले आहे, ऐकायचे का?